तळघराचा पंप : इन्व्हर्टर की जनरेटर?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. तळघरात माल ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांनी हे विसरू नये. पाणी उपसणारा पंप विजेवर चालतो आणि वीज नेमकी पावसातच जाते.

इन्व्हर्टरवर विसंबू नका. दीडशे अँपिअर-तासांची एक बॅटरी अर्ध्या अश्वशक्तीचा पंप सलग दोन तासही मुश्किलीने चालवते. आपल्या किनाऱ्याला जनरेटरच हवा. सुरू होताना मोटार कित्येक पट वीज ओढते, म्हणून तो किमान दोन केव्हीएचा घ्यावा. मात्र तळघरात किंवा दुकानात कदापि चालवू नये. त्याच्या धुराने जीव जातो. बाहेर, उंच ओट्यावर, छपराखाली ठेवावा. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा.