डॉक्टरांचे तीस तास आणि आमच्या सव्वा लाख मायबहिणी

थंडी पडली की डॉक्टरांच्या परिषदांचा हंगाम सुरू होतो. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि किरणोपचाराने कॅन्सरवर इलाज करणारे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट यांच्या देशपातळीवरील संघटनांची वार्षिक अधिवेशनेही याच दिवसांत भरतात. याला निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हणतात. डॉक्टर मंडळी नुसते 'सीएमई' म्हणतात. या शिक्षणाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान तीस तास असे शिक्षण घ्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर हे तीस गुण दाखवावे लागतात. पदवी घेतली म्हणजे शिक्षण संपले नाही, हे तत्त्व चांगलेच आहे. आम्हा वकिलांवर अशी सक्ती नाही आणि त्याचे परिणाम कोर्टात रोज दिसतात, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आमचा प्रश्न एवढाच आहे, की हे शिक्षण कोणाच्या जिवावर तयार झाले आणि ते पुन्हा कोणापर्यंत पोहोचते?

हा प्रश्न आम्ही धाराशिवमधून विचारतो, त्याला कारण आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर जगात कुठेही परिषद भरली आणि तपासणीचा विषय निघाला, की पडद्यावर एका जिल्ह्याचे नाव येते : उस्मानाबाद, म्हणजेच आजचा धाराशिव. लंडन, न्यूयॉर्कच्या प्राध्यापकांना हे नाव पाठ आहे. भूम, परंडा, कळंब, वाशीच्या माणसांना मात्र आपल्या जिल्ह्याने जगाला काय शिकविले, याचा पत्ता नाही.

१९९९ साली या जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील लिऑन येथील कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडले गेले आणि नशिबाच्या चिठ्ठीप्रमाणे त्यांचे चार गट झाले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी केली. दुसऱ्या गटाची पॅप तपासणी झाली. तिसऱ्या गटाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यासारखे द्रव्य लावून नर्सने डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटातील ३१ हजारांहून अधिक बायकांची कोणतीही तपासणी केली नाही. तपासणी हवी असेल तर कुठे जायचे, एवढी माहिती त्यांना दिली गेली.

आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगद्विख्यात नियतकालिकात निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात बायका कमी, तरी मृत्यू ६४. पुढच्या टप्प्याला गेलेला कॅन्सर एकीकडे ३९ जणींना, दुसरीकडे ८२ जणींना. आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी मृत्यू निम्म्यावर आणते, ही गोष्ट जगाला आमच्या मायबहिणींनी सिद्ध करून दिली. बाकीच्या दोन पद्धतींनी, एकदाच केल्या तर, तसा ठोस फरक पडला नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टराने विचारले, की तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत अनेक दशकांपासून माहीत असताना गरीब बायकांचा एक गट तपासणीविना ठेवून मृत्यू मोजण्याची गरज काय होती? मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल अशा तीन अभ्यासांतील तपासणी न झालेल्या गटांत मिळून २५४ मृत्यू झाले, असा त्यांचा हिशेब आहे. संशोधकांचे उत्तर असे, की भारताच्या खेड्यात त्या काळी तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणून 'काहीच नाही' हीच इथली नेहमीची सेवा होती. वकील म्हणून आम्हाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. व्यवस्थेने काही दिले नाही, म्हणून न देणे हेच प्रमाण मानायचे! संशोधकांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. बार्शीच्या त्या रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांत ग्रामीण भागातील देशातली पहिली कॅन्सर नोंदणी उभी केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून अंगावरून जाणाऱ्या बायकांना दवाखान्यात यायला राजी करत होते, तेव्हा सरकारचा माणूस या वाड्या-वस्त्यांत क्वचितच फिरकत होता. तो इतिहास आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या बायकांच्या मरणाची संख्या पुराव्याच्या रकान्यात गेली, त्या पुराव्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा त्यांच्या लेकीसुनांना हक्क आहे की नाही?

जगाने तो पुरावा उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणी हीच पहिली तपासणी असावी, अशी शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी द्रव्य लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत स्वीकारली. ती स्वस्त आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील अभ्यासात ती पुन्हा पुन्हा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हेही खरे आहे. पण तीही होते कुठे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी अशी तपासणी झालेल्या अवघ्या १.९ टक्के निघाल्या. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायका तेव्हाही त्या चौथ्याच गटात होत्या.

आता परिषदेच्या सभागृहात काय शिकवले जाते आणि आमच्या गावात त्याचे काय होते, ते पाहू. गर्भाशयाच्या मुखाचा वाढलेला कॅन्सर किरणोपचाराने बरा होऊ शकतो. साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून किरण द्यायचे. सोबत आठवड्याला एक औषधाची सलाइन. त्यानंतर आतून किरण द्यायचे, त्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. हे सगळे आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपले पाहिजे. त्यापुढे लांबलेला प्रत्येक दिवस रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने कमी करतो, असे हेच शास्त्र सांगते. प्रत्येक रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टला हा ५६ चा आकडा माहीत असतो. बाईला कोणी सांगितलेला नसतो.

आमच्याकडे मागे एक बाई आली होती. शेतमजूर, वय पन्नाशीच्या आतले, सोबत मुलगा. आम्हाला वाटले जमिनीचा दावा असेल. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचे कागद काढले. "वकीलसाहेब, तुम्ही इंग्रजी वाचता. ह्यात काय लिव्हलंय तेवढं सांगा." कागदावरून दिसत होते, की पंचवीसपैकी सोळा वेळा किरण दिले गेले आणि मग अकरा दिवसांची खाडी. मशीन बंद पडले होते. ते सुरू झाल्याचा निरोप तिला कोणी दिला नाही, आणि खुरपणीचे दिवस आले म्हणून तीही थांबली. तिला वाटत होते, सोळा झाले म्हणजे निम्म्याहून जास्त काम झाले. दवाखान्याचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. असे एकच ठिकाण आहे अशातला भाग नाही. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार फुकट होते. एसटीचे तिकीट बायकांना २०२३ पासून अर्धे झाले. पण पाच आठवड्यांची बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी आणि परगावी दोन वेळचे जेवण कोणत्या योजनेत बसते? त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी तिला परत नेले, एवढेच आम्हाला कळले.

कोबाल्टच्या मशीनमधील स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा दुबळा होतो आणि तेवढाच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो. रांग वाढते, तंत्रज्ञ तेवढेच राहतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे देशी यंत्र तयार करून दोन दशके होत आली. तरीही अधिवेशनांतील चर्चा प्रोटॉन उपचार आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर रंगते. रंगू द्या, विज्ञान पुढे गेलेच पाहिजे. पण बंद पडलेले मशीन किती तासांत सुरू झाले पाहिजे आणि गेलेले अकरा दिवस कसे भरून काढायचे, यावर एखादे सत्र ठेवायला काय हरकत आहे?

रेडिओलॉजिस्ट मंडळींसाठी वेगळे सांगायचे आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल,' अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. बहुतेक ठिकाणी या भीतीची सुरुवात सोनोग्राफीच्या खोलीतून होते. गर्भाशयाच्या मुखाचा सुरुवातीचा कॅन्सर सोनोग्राफीत दिसत नाही, ही साधी गोष्ट कोणताही रेडिओलॉजिस्ट जाणतो. मग पिशवीला सूज असल्याचे दोन इंग्रजी शब्द लिहिलेल्या कागदावरून एखादी बाई ऑपरेशनच्या टेबलावर गेली, तर तो कागद लिहिणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले, की रुग्णाला नीट समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, आणि आईने दिलेली संमती सज्ञान मुलीची होत नाही. तो खटलाही गर्भाशय काढल्याचाच होता. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यातील कागदोपत्री चुकांसाठी आपल्याला गुन्हेगार ठरवतात, म्हणून या संघटनेने २०१६ साली देशभर काम बंद ठेवले. आमच्या बायकांच्या गर्भपिशव्यांसाठी एक दिवसाचा बंद मात्र आमच्या ऐकिवात नाही.

अधिवेशनांचा खर्च कोण करते, हाही विषय आहे. त्यावर थोडक्यातच लिहितो. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी प्रवास आणि पाहुणचार घेऊ नये, हे २००९ पासून आचारसंहितेत आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरील खर्चाला कंपन्यांना आयकरात सूट नाकारली. कारण हा सगळा खर्च शेवटी गोळीच्या किमतीत मिसळून रुग्णाच्याच पदरातून वसूल होतो. म्हणजे धाराशिवची बाई आपल्या शरीराचा पुरावा देऊन डॉक्टरांच्या शिक्षणात भर घालते आणि औषध विकत घेताना त्याची फीही भरते!

म्हणून आमची मागणी अशी आहे. या दोन्ही संघटनांच्या महाराष्ट्र शाखांनी आपली एक संयुक्त परिषद धाराशिवला घ्यावी. इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हॉटेल मोठे नसेल, सभागृह निघेल. पहिल्या सत्रात याच जिल्ह्याचा अभ्यास मराठीत मांडावा आणि समोरच्या खुर्च्यांवर आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि त्या वेळी अभ्यासात असलेल्या, आज पंचावन्नच्या पुढे गेलेल्या बाया बसाव्यात. त्यांनी प्रश्न विचारावेत आणि डॉक्टरांनी उत्तरे द्यावीत. गुण द्यायचे तर याच सत्राला जास्त द्यावेत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेनेही तीस तासांपैकी काही तास तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्णांसमोर घालवण्याची अट घालावी. सोनोग्राफीच्या अहवालाखाली दोन ओळी मराठीत लिहिण्यासाठी तर कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आणि या परिषदेतून सरकारकडे एकच ठराव जावा : ज्या जिल्ह्यात एचपीव्ही चाचणीचा पुरावा तयार झाला, त्या जिल्ह्यातील प्रत्येक तिशीपुढच्या बाईला ती चाचणी फुकट मिळावी, आणि सुरुवात चौथ्या गटातल्या गावांपासून व्हावी. पैसा नाही हे उत्तर शासनाने देऊ नये. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की जीविताच्या हक्काखालील वैद्यकीय सेवा नाकारायला तिजोरीचे कारण चालत नाही.

तारखेबाबत एक सूचना करून ठेवतो. परिषद थंडीत ठेवू नये. थंडीत अर्धे गाव ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असते. वस्तीवर म्हातारी माणसे आणि कुलुपे तेवढी राहतात. टोळ्या परत येतात त्या एप्रिल-मेमध्ये. तेव्हा धाराशिवला ऊन फार असते, याची आम्हाला कल्पना आहे.