दलाल नाही, पण धनी आहे

विकेंद्रित क्रिप्टो मंचावर दलाल नसतो, म्हणून तिथे नवे टोकन घेणे निर्धोक, हा गेल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष तपासायला हवा.

युनिस्वॅप किंवा पॅनकेकस्वॅप अशा मंचांवर कोणीही टोकन आणू शकतो. भाव ठरतो सामायिक साठ्यातील दोन चलनांच्या प्रमाणावरून. पण सुरुवातीचा साठा बहुधा टोकन काढणाराच भरतो. साठ्याला कुलूप नसेल, तर तोच तो उपसूनही नेऊ शकतो.

२०२१ मधले ‘स्क्विड’ टोकन घ्या. गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर ते २,८०० डॉलरच्या पुढे गेले. बहुतेकांना ते विकताच येत नव्हते! १ नोव्हेंबरला निर्माते पसार झाले आणि भाव शून्याला टेकला.

शिवाय, भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. लेखात हे यायला हवे होते.

– एक वाचक, पुणे