शाळेची भाजीबाग : आधी खत, मग बी

शाळेत भाजीबाग करावयाची म्हटले, की प्रथम बियाण्यांची यादी तयार होते. कोणी टोमॅटो सुचवितो, कोणी वांगी. वाफे कोठे आखावेत यावर वाद होतो. मातीचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझे मत असे, की शाळेच्या बागेचा आरंभ बियाण्यापासून नव्हे, खतापासून व्हावयास हवा. आणि ही गोष्ट इंदूरच्या विद्यार्थ्यांना तरी बाहेरच्या कोणी शिकवावयास नको.

कारण सेंद्रिय खताच्या ज्या पद्धतीस जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती याच गावात सिद्ध झाली. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. होळकर संस्थानाने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. सात वर्षांच्या कार्याचे सार त्यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आज त्या जागी कृषि महाविद्यालय आहे. हॉवर्ड विलायतेतून विद्या घेऊन आले खरे. पण येथील शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच त्यांनी आपले गुरू मानले. हा विनय विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात घ्यावा.

पद्धत अवघड नाही. पालापाचोळा व काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातील मुरलेली माती व राख यांचे थर द्यावयाचे आणि पाणी शिंपडावयाचे. सुमारे पंधरा दिवसांनी, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीन वेळा तो ढीग वरखाली करावयाचा. कचऱ्याचे खत करणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांना ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. पाणी फार झाले तर ढीग कुजून घाण सुटते, फार थोडे झाले तर काम थांबते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा सुवास असलेले खत तयार होते.

आता हे तीन महिने शाळेच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहा. जूनच्या उत्तरार्धात शाळा उघडली की ढीग रचावा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. म्हणून तो उंच जागी, जमिनीवरच रचावा. सप्टेंबरअखेर खत हाती येईल, आणि ऑक्टोबरात मेथी, पालक, मुळा, गाजर यांचे वाफे तयार करता येतील. वार्षिक परीक्षेपूर्वी भाजी निघेल. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार, हा प्रश्नच उरणार नाही. आपली काळी माती पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते. तिला या खताची गरज विशेष आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, अभ्यासाचा वेळ जातो. परंतु ढिगाची उष्णता मोजणे, वाफ्याचे क्षेत्रफळ काढणे, खर्च व उत्पन्न वहीत मांडणे, हा अभ्यास नव्हे काय? पीक बुडाले तर तेही त्या वहीत प्रामाणिकपणे लिहावे.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तोच खरा अडसर आहे. आपल्या मुलांनी शेणात हात घालावा, हे अनेक पालकांना रुचत नाही. मग माळी खत टाकतो, माळी खणतो आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुले हातात झारी घेऊन छायाचित्रास उभी राहतात. असली बाग नसलेली बरी. तिच्यातून भाजी मिळेल. पण काम एकाचे आणि कौतुक दुसऱ्याचे, हा धडाही त्याबरोबर मिळेल. माळीबुवांना त्या तासापुरते गुरुजी मानावे आणि मुलांनी त्यांच्या हाताखाली शिकावे. १९३५ साली इंदूरला आले असता महात्मा गांधींनी मुद्दाम ही संस्था पाहिली होती. घाणीचे सोने करणारे काम त्यांना हलके वाटले नाही. ते आपणांस का वाटावे?

इंदूरने २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविला आणि पुढेही तो वारंवार राखला. ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा, रोज ५५० टनांच्या क्षमतेचा प्रकल्पही येथे २०२२ साली सुरू झाला. याचा अभिमान योग्यच आहे. परंतु कचरा गाडीत टाकला म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत मुलांची होऊ नये. डब्यातील केळ्याची साल आणि अंगणातील कडुनिंबाचा पाला पुन्हा मातीत जाऊन मेथीची जुडी होते, हे त्यांनी आपल्या हातांनी करून पाहावे. पालकांनी पुढील जूनमध्ये मुलांचे मळलेले कपडे तेवढे निमूटपणे धुवावेत, एवढीच नम्र विनंती!