डिस्चार्ज कार्डाच्या पुढचं आजारपण

आयसीयूतून जिवंत बाहेर आलेल्या माणसाने कुरकुर करू नये, असे एक मत हल्ली आपल्याकडे फार ठासून मांडले जाते. परवा डोंबिवलीतल्या एका व्याख्यानात ते पुन्हा ऐकले. वक्त्यांचे म्हणणे असे: जीव वाचला हेच पुष्कळ, उरलेला अशक्तपणा विश्रांतीने आणि दूध-अंड्याने जातो, विसरभोळेपणा वयाचा, रात्रीची भीती म्हणजे मनाचे खेळ, आणि जिथे आयसीयूत खाट मिळताना मारामार, तिथे घरी गेलेल्यांचे लाड कोण पुरवणार? सभागृहात टाळ्या पडल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

विश्रांतीचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. व्हेंटिलेटरवर निजलेल्या माणसाला आराम मिळतो, हा समजच खोटा. गंभीर जंतुसंसर्गात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खात असते. लंडनच्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा दिवसांत स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ 18 टक्क्यांनी घटलेले आढळले. अनेकदा नसांनाही इजा होते. आता दूध-अंड्याने काय भरून निघणार? आहार लागतोच, पण स्नायूला काम दिल्याशिवाय तो परत येत नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर गेले, वाचले. इमारत जुनी, लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेले. पट्टीतली गोळी अंगठ्याने बाहेर ढकलण्याएवढी ताकद बोटांत नव्हती, सून काढून द्यायची. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी, खाली ‘विश्रांती घ्यावी’, ‘आठवड्याने दाखवावे’. बस. त्यांनी आज्ञा पाळली, पलंग सोडला नाही आणि पायांतली उरलीसुरली ताकदही गमावली. घरचे म्हणू लागले, आता यांनी मनच सोडलंय. मन कसले? त्यांना उभे राहायला शिकवायला कोणी आलेच नव्हते.

हा वादही जुनाच. हृदयविकाराचा झटका आलेल्याला आठवडेच्या आठवडे बिछान्यातून हलू द्यायचे नाही, अशी एके काळी वैद्यकाची शिस्त होती. 1952 साली बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी असे रुग्ण लवकर खुर्चीत बसवले, तेव्हा आता ही माणसे दगावणार असे अनेकांना वाटले होते. ती दगावली नाहीत. तरी पलंगाची भक्ती काही संपलेली नाही. अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या 104 रुग्णांवर झालेला प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. गुंगीचे औषध सर्वांचेच रोज थांबवले जाई; त्या वेळात ज्यांना सुरुवातीच्या दिवसांपासून व्यायाम दिला, त्यांतले 59 टक्के घरी जाताना स्वतःचे स्वतः करू शकत होते. बाकीच्यांत हे प्रमाण 35 टक्के होते. आता सांगा, लाड कुठले आणि उपचार कुठला?

विसरभोळेपणा वयाचा म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा 2013 चा अभ्यास वाचावा: आयसीयूतले 821 रुग्ण घेतले होते, आणि वर्षाने तपासलेल्यांपैकी 34 टक्के लोकांची बुद्धी डोक्याला मध्यम मार लागलेल्यांइतकी मंदावलेली होती. त्यात तरुणही होते. सकाळी कल्याणहून लोकल पकडून दिवसभर हिशेब करणाऱ्या माणसाची नोकरी यात जाते. आणि मनाचे खेळ? परिचारिका आपल्याला मारायला आली आहे, असे आयसीयूतल्या भ्रमात पाहिलेल्या माणसाला ते खरे घडल्यासारखेच आठवते. त्याला हसणे हा क्रूरपणा आहे.

पैशाचे म्हणाल, तर लाखोंचे बिल भरून वाचवलेला कमावता माणूस घरी बसवणे स्वस्त पडते का? ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विम्यात घरी गेल्यानंतरचा खर्च 60 दिवसांपर्यंतच मिळतो. पाय आणि स्मरणशक्ती यांना दोन महिने पुरत नाहीत. खाटांचेही तसेच. करोनात ठाण्यात बाळकुमला सुमारे हजार खाटांचे रुग्णालय उभे राहिले, डोंबिवलीत सावळाराम क्रीडा संकुलात उपचार झाले. मनात आणले की जागा, माणसे, पैसा सगळे मिळते, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

मागणी त्याच्या शतांशाचीही नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर येथे आठवड्यातून एक दिवस अशी ओपीडी चालावी, जिथे फिजिशियन, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच दारात भेटतील. जिना चढू न शकणाऱ्याच्या घरी फिजिओथेरपिस्ट जावा. प्रकृतीला झेपत असेल तर आयसीयूतच रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवावे. आणि रुग्ण खुर्चीतून हात न टेकता उठतो का, किती चालतो, काल काय झाले ते सांगू शकतो का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून त्याच्या घरच्यांना समजावून सांगावे.