‘स्टेनलेस’ सुरीचा गंज आणि दुकानदाराची जबान

आम्ही कापडवाले ‘पक्का रंग’ म्हणून माल खपवतो, तसे सुऱ्यावाले ‘स्टेनलेस’ म्हणून. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याच्या सुरीबाबत मात्र हा शब्द महागात पडू शकतो. पाण्याखाली जाळ्यात पाय गुंतला तर सुटकेला तीच असते. ती गंजून म्यानात अडकली तर?

स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे नव्हे. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की वर अतिपातळ पापुद्रा धरतो, तो गंज थोपवतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ. तेच हा पापुद्रा फोडते. ‘304’ जातीचे पोलाद जास्त तग धरते, पण त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही. ‘420’ला धार चांगली, गंज मात्र लवकर. टायटॅनियम गंजत नाही. पण त्याची किंमत विचारूच नये.

इलाज सोपा आहे. आमच्या भातसेसारखे गोडे पाणी! बाहेर आल्याबरोबर सुरी म्यानातून काढून धुवावी, मूठ सुटत असल्यास तीही खोलावी, पूर्ण सुकवून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवावा. मशीनचे तेल नको, रबरी पट्टा फुगतो. ओली सुरी म्यानात कोंबणे म्हणजे गंजाला दावत.

हे सारे विकणाऱ्याने सांगायला हवे. ऐब लपवून माल विकणे शरीअतला मंजूर नाही, आणि इथे सवाल जिवाचा आहे. आपल्या कारागीर व दुकानदार बांधवांनी बिलावर पोलादाची जात लिहावी. जो लिहायला कचरतो, त्याच्याकडून गिऱ्हाइकाने सुरी घेऊ नये.