बागेला क्लबचं नाव द्या, पण गेटची किल्ली कुणाकडे ते आधी ठरवा

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच ठिकाणी काही वर्षं प्रशासकांच्या हातात असलेला कारभार पुन्हा नगराध्यक्ष-नगरसेवकांकडे आला. आता सभेत जे विषय येतील, त्यात तालुक्याच्या गावी एक हमखास असतो. भर पेठेतली मोकळी जागा, तिथं बाग, आणि त्या बागेला सेवाभावी क्लबचं नाव.

प्रस्ताव साधा असतो. क्लब म्हणतो, झाडं, बाकडी, कमान आम्ही देतो, आमचं नाव द्या. पालिकेला वाटतं खर्च वाचला. फोटो निघतात, फीत कापली जाते. खरी परीक्षा त्यानंतर दोन पावसाळ्यांनी होते.

नावाला हरकत नाही

या क्लबांचं काम लोकांनी पाहिलेलं आहे. रोटरी १९०५ मध्ये आणि लायन्स १९१७ मध्ये, दोन्ही अमेरिकेतल्या शिकागो शहरात सुरू झाले. रोटरीनं १९८५ मध्ये जगभर पोलिओविरोधात मोहीम उघडली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ते यश सरकारी यंत्रणेचं आणि घरोघर फिरलेल्या कर्मचाऱ्यांचं, पण रोटरीचा त्यात मोठा वाटा होता. लायन्सची नेत्र शिबिरं तर खेड्यापाड्यात माहीत आहेत. अशा कामाची आठवण म्हणून बागेला नाव दिलं तर त्यात वावगं काही नाही.

खेड्यातल्या माणसाचा काय संबंध?

नगरपरिषदेला मत शहरातला माणूस देतो. पण बाजाराच्या दिवशी त्या बागेत बसतो कोण? तहसीलमध्ये दाखल्यासाठी आलेली म्हातारी, एसटीची वाट पाहणारी कॉलेजची पोरं, दवाखान्यात नंबर लावून आलेली लेकुरवाळी बाई. यांना कमानीवरच्या नावापेक्षा सावली, प्यायचं पाणी आणि स्वच्छ शौचालय हवं असतं. दुपारी बारा ते चार बागेला कुलूप असेल तर ती बाग खेड्यातून आलेल्या माणसाच्या काही कामाची नाही.

शिवाय पैसा फक्त शहराचा नसतो. अशा कामांना जिल्हा नियोजन समितीकडून निधी मिळू शकतो. तो निधी अख्ख्या जिल्ह्याचा आहे. त्यामुळे मत नसलं तरी विचारायचा हक्क खेड्याला आहे.

नाव वेगळं, जागा वेगळी

बाग, उद्यान, क्रीडांगण पुरवणं हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांत लिहिलेलं आहे. क्लब मदत करू शकतो, जबाबदारी मात्र पालिकेचीच राहते. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा असेल तर तिचा वापर सभेत हात वर करून बदलता येत नाही.

बंगळूरमध्ये बागेची जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप बेकायदा ठरवलं. रुग्णालय चांगलं काम असलं तरी लोकांची बाग त्यासाठी देता येणार नाही, हा त्याचा अर्थ.

मुंबईतही हा वाद झाला. महापालिकेनं जानेवारी २०१६ मध्ये मैदानं आणि बागा संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण मंजूर केलं. आधी दिलेल्या काही जागांवर सभासदांसाठीचे क्लब उभे राहिले होते, म्हणून लोकांनी विरोध केला. तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या धोरणाला स्थगिती दिली.

तिघांची बाग, कुणाचीच नाही

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ग्रीन्सबरो नावाचं गाव आहे. शेतीचा, गरिबीचा भाग. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखं. तिथं सुमारे ४० एकरांचं लायन्स पार्क आहे. जागा नगरपालिका, काउंटी म्हणजे तिथला जिल्हा, आणि लायन्स क्लब अशा तिघांची. तिघांची म्हणून प्रत्येकाला वाटायचं दुसरा बघेल, आणि पार्कची दुर्दशा झाली.

पुढं तिथल्या ऑबर्न विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी काम हाती घेतलं. एकदम मोठा आराखडा न करता वर्षाला एकेक काम केलं: आधी मैदानं, मग शौचालयं, मग मुलांसाठी पत्र्याच्या जुन्या पिंपांची खेळायची जागा. देखभालीचं बोलायला सगळ्यांची मिळून समिती झाली. नाव लायन्सचंच राहिलं, पण नुसत्या नावानं पार्क सुधारलं नव्हतं.

काय लिहून घ्यायचं?

म्हणून ठरावात नावाच्या ओळीखाली आणखी पाच ओळी हव्यात. एक, जागेची मालकी नगरपरिषदेचीच राहील. दोन, नाव किती वर्षांसाठी, आणि क्लबनं काम सोडलं तर पाटीचं काय. तीन, माळी, पाणी, वीजबिल आणि शौचालयाची सफाई यांचा दरवर्षीचा खर्च कोण देणार. चार, गेट किती वाजता उघडणार, आणि तिकीट किंवा सभासद फी लागणार नाही. पाच, बाग लग्नाला, प्रदर्शनाला भाड्यानं देता येणार नाही.

क्लबचा अध्यक्ष बहुधा दरवर्षी बदलतो. यंदाच्या अध्यक्षाचा उत्साह पुढच्या वर्षी असेलच असं नाही. कागद असेल तर पुढच्याला बांधून घेता येतं.

हा ठराव आणि करारनामा कुणालाही मागता येतो. माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, अर्ज नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जदार शहरातलाच हवा अशी अट नाही. पुढच्या बाजाराला जाताना हे कामही उरकता येईल.