बाळाचे कान कधी तपासणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



माझ्या मुलाला ऐकू येत नाही, हे आम्हाला तो अडीच वर्षांचा झाल्यावर कळलं. तो सरकारी रुग्णालयात जन्मला. घरी सोडताना दिलेलं कार्ड मी जपून ठेवलं आहे. वजन, बीसीजी, पोलिओ, सगळं त्यावर भरलेलं आहे. कानांचा उल्लेख कुठेच नाही. जन्मतः बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकारतं. मागे थाळी वाजवली तर हादऱ्यानेही मान वळवतं. 'मुलगे उशिराच बोलतात,' असं घरची वडीलधारी म्हणत राहिली आणि आम्ही विश्वास ठेवला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. बधिरता प्रतिबंधाचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम तर २००६-०७ पासूनचा. हे आपण जाणताच. मग माझ्या बाळाच्या वाट्याला त्यातलं काय आलं?

आशाताई घरी आल्या, बाळाला नीट पाहून गेल्या. दुभंगलेला ओठ दिसतो, वाकडा पाय दिसतो. बहिरेपण दिसत नाही. त्यांच्या हाती कान तपासायचं यंत्रच दिलेलं नसेल, तर त्यांनी ते ओळखायचं कसं?

आणि तपासणी तरी केवढीशी! बाळ झोपेत असताना कानात मऊ बोंडी ठेवायची. काही मिनिटांत यंत्र निकाल देतं. शंका आलीच तर पुढे 'बेरा' चाचणी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक जगभर मान्य आहे. प्रत्येक प्रसूतिगृहाला यंत्र परवडत नसेल, तर एकच यंत्र रुग्णालयांतून फिरवता येतं. कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी २००३ पासून ते करून दाखवलं. आपली अडचण नेमकी कोणती आहे?

कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सरकार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लाखो रुपयांची मदत देतं. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण भाषा रुजण्याची पहिली वर्षं आम्ही अंधारात घालवली. ती कोणत्या योजनेतून परत मिळणार?

मला सहानुभूतीचं उत्तर नको. राज्यातल्या किती प्रसूतिगृहांत आज हे यंत्र आहे आणि ते चालवणारा माणूस आहे, ते जिल्हावार जाहीर करा. आणि कान तपासल्याशिवाय एकही बाळ घरी जाणार नाही, असा आदेश कोणत्या तारखेपासून लागू होईल, ती तारीख सांगा.

आपली,
एक आई